हनुवटीवरचे केस

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या बाईला दिवसभर लोकांचे चेहरे मोजावे लागतात. दोन बुबुळांमधलं अंतर, नाकाची रुंदी, कानशिलांचं माप. अठरा वर्षं हेच केल्यावर आपल्या हनुवटीवर तीन राठ केस उगवलेत हे कळायला चष्मेवालीला आरसाही लागला नाही. तिने ते चिमट्याने उपटले. आठवड्याने पाच आले.

त्याच सुमारास तिचं टेबल टेनिस सुधारलं. संध्याकाळी क्लबात ती आणि तिची थोरली नणंद जोडीने खेळत. सहा वर्षं पहिल्याच फेरीत हरून मुकाट घरी यायच्या. यंदा चष्मेवाली चेंडूवर अशी तुटून पडायला लागली की दोघी थेट उपांत्य फेरीत पोचल्या. पण एका गुणावरून वाद झाला तेव्हा तिने बॅट टेबलावर आपटली आणि पंचाला असं काही बोलली की नणंदेने तिला दंडाला धरून बाजूला नेलं. आवाजही महिनाभर घोगराच होता.

क्लबचे प्रशिक्षक पेपरातलं वाचून ठोकून द्यायचे. "रुंद तोंडाची माणसं जात्याच भांडखोर. हार्मोन्सचा खेळ असतो सगळा."

"दुकानात येऊन बघा एकदा," चष्मेवाली म्हणाली. "परवा ज्याला आमच्याकडची सगळ्यात मोठी फ्रेम लागली, ते गिऱ्हाईक किंमतसुद्धा लाजत विचारत होतं."

"तुमचं तोंड तर निमुळतं," प्रशिक्षक तिच्याकडे रोखून बघत म्हणाले. "मग तुमच्यात हे आलं कुठून?"

कपडे बदलायच्या खोलीत ती शिरली की बायकांचं बोलणं थांबायचं. एकदा दाराबाहेरूनच तिने ऐकलं, "घेतेय काहीतरी. उघड आहे."

ती काहीच घेत नव्हती. घरी येताना तिने स्वतःशी शपथेवर सांगावं तसं ते घोकलं, आणि मधेच तिची पावलं थांबली. ताकद यावी म्हणून नणंद रोज एक पावडर पाण्यात कालवून तिला द्यायची. स्वतःची बाटली वेगळी.

मग तिची नजरच बदलली. ताई पाठ करून बाटली का हलवते? "दोन घोट तरी पी" असा आग्रह कशाला? ताईच्या हनुवटीवर एकही केस नाही, तो कसा? कप जिंकायचा ध्यास तर ताईलाच होता. चष्मेवाली बाटली घ्यायची, हसायची आणि पाणी बेसिनमध्ये ओतून टाकायची. तीन आठवडे झाले, केस काही थांबले नाहीत. तिने त्यावरही उत्तर शोधलं: आता ताई घरून पाठवते त्या भाजीत घालत असणार.

उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी तिने सगळ्यांदेखत विचारलं, "ताई, माझ्या पाण्यात काय कालवतेस?"

नणंदेला आधी थट्टाच वाटली. "पावडर. चॉकलेटच्या चवीची."

"माझ्या तोंडाकडे बघ आणि सांग."

नणंदेने बघितलं. मग स्वतःची बॅट पिशवीत घातली, चेन ओढली आणि निघून गेली. सामना न खेळताच त्या बाद झाल्या.

शेवटी चष्मेवाली तपासून घ्यायला गेली. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा अहवाल दोनदा वाचला. "पुरुषात असावं तेवढं टेस्टोस्टेरॉन आहे तुमच्यात. गोळ्या, इंजेक्शनं काही?"

"पावडर होती. महिनाभर बंद आहे."

"मग ती नाही. घरात कुणी मलम वगैरे लावतं का? कातडीतून दुसऱ्याच्याही अंगात जातं ते."

नवरा लावायचा. खांदेदुखीचं. म्हणजे तीच चोळून द्यायची, रोज सकाळी, उघड्या हातांनी. गेले चार महिने.

नवरा डेपोत बसगाड्यांच्या वेळा लिहायचा, शांत माणूस. ती समोर उभी राहिली तेव्हाच त्याला कळून चुकलं.

"ते दुखण्याचं नाही," तो म्हणाला. "उत्साहच राहिला नव्हता गं. डॉक्टरांनी दिलं. टेस्टोस्टेरॉनचं जेल आहे. मी साध्या डबीत भरून ठेवलं."

"आणि माझ्या हातांना चोळू दिलंस?" उभ्या जन्मात ती त्याला पहिल्यांदा एकेरी बोलली.

"तू हौसेने चोळायचीस. नको म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं."

"ताईला मी चारचौघांत विष घालणारी ठरवलं, अरे!"

दुसऱ्या दिवशी तो स्वतः बहिणीकडे गेला. दारातच उभं राहून त्याने सगळं सांगितलं. बहिणीने ऐकून घेतलं आणि त्याला चहासुद्धा विचारला नाही.

चष्मेवालीनेही क्लबात प्रशिक्षकांना अहवाल दाखवला आणि यंदाचे जिंकलेले सामने रद्द करायला सांगितलं. पुढे केस कमी झाले. आवाज मात्र पूर्णपणे पूर्वीसारखा झालाच नाही.

चार महिन्यांनी नणंद आपणहून आली. "तो खोटं बोलला त्याचं मला काही नाही, त्याची सवयच ती. पण तू मला किती वर्षं ओळखतेस?"

"सोळा," चष्मेवाली म्हणाली. "म्हणूनच तोंड वर करून येता येईना."

त्या सरावाला उभ्या राहिल्या. तिसऱ्याच चेंडूला चष्मेवालीचा फटका जाळ्यात गेला आणि ती दात ओठ खाऊन ओरडली. ओरडल्यावर स्वतःच दचकली, हातातली बॅट खाली ठेवली.

"उचल ती," नणंद म्हणाली. "सोळा वर्षांपूर्वीही तू भांडखोरच होतीस."