टोल चुकवणाऱ्यांचा रस्ता

मी रस्ता बोलतोय. तुम्ही भरधाव जाता तो नव्हे. मी त्याच्या शेजारचा, आमच्या वाडीतून जवळा बाजारला जाणारा अरुंद रस्ता.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळात झाला. पिकं गेली होती, विहिरी आटल्या होत्या. सरकारनं काम काढलं आणि वाडीची माणसं उन्हात बसून खडी फोडू लागली. त्यांत एक परकरी पोरगी होती, सुभद्रा. हातोडी तिच्या हाताला जड होती. दुपारी खायला सुकडी मिळायची, त्यातली अर्धी ती परकराच्या ओच्यात बांधून घरी न्यायची. पुढं तिचं लग्न वाडीतल्याच सोनाजीशी झालं. वरात माझ्यावरूनच गेली.

बरीच वर्षं माझी बरी गेली. बैलगाड्या, मेंढरांचे कळप, सायकली आणि सकाळ-संध्याकाळ एसटी. मेंढरं गेली की अंगावर बारीक खुरांची नक्षी उमटायची. मला ती आवडायची. आपल्यापेक्षा मोठं कोणी असतं हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

मग पलीकडं तो आला. चौपदरी. त्याच्यासाठी पिवळी यंत्रं आली, अंगावर पांढरे पट्टे ओढले, मधोमध फुलझाडं लावली. त्या फुलझाडांना टँकरनं पाणी घालतात. माझ्या कडेची बाभळ स्वतःच्या हिमतीवर जगते. त्याच्या अंगावर जरा खड्डा पडला की लाल टोप्यांसारखे शंकू ठेवायला माणसं धावतात. आणि त्याच्यावरून जायचं तर नाक्यावर पैसे मोजावे लागतात. माझ्यावरून आजवर कोणी पैसे देऊन गेलं नाही. मला फार लागलं ते.

म्हणून पहिला ट्रक नाक्याच्या अलीकडं वळून माझ्यावर आला, तेव्हा मला आनंद झाला. चौपदरीचा पाहुणा माझ्या दारी! मग दुसरा आला, दहावा आला. खडीचे, सिमेंटचे, काठोकाठ भरलेले. वाडी ओलांडून नाक्याच्या पलीकडं पुन्हा त्याच्याच अंगावर चढायचे. ते माझ्यासाठी आले नव्हते, टोल चुकवायला आले होते. दोन पावसाळ्यांत माझं डांबर पापडासारखं फुटलं आणि आतली खडी, ती हातानं फोडलेली, उघडी पडली.

एसटीचा ड्रायव्हर एक दिवस वाडीत उतरून म्हणाला, "स्प्रिंगचे पाटे तुटून राहिलेत गाडीचे. आता मी न्हाई आणत." दुसऱ्या दिवसापासून बस फाट्यावरूनच जाऊ लागली. म्हणजे चौपदरीवरून. माझी बससुद्धा त्यानं नेली.

सुभद्राबाई आता साठी ओलांडलेली. सोनाजी जाऊन दोन वर्षं झाली. घरामागं मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावते आणि बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन जवळा बाजारला जाते. बसमध्ये ती खिडकीपाशी बसायची आणि शेजारच्या, सोनाजीच्या जागेवर पिशवी ठेवायची. कंडक्टर ती पिशवी उचलायला सांगत नसे. बस बंद झाल्यावर ती टोपली डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत चालू लागली. मग गुडघा सुजला. मग एका बाजाराला ती गेलीच नाही, मेथी शेळीला घातली.

वाडीनं बैठक बोलावली. सरपंच साधनाताई म्हणाल्या, "जिल्हा परिषद म्हणते, ट्रकवाल्यांनी खराब केला, त्यांना विचारा. टोलवाले म्हणतात, आमचा संबंध आमच्या रस्त्याशी."

सगळ्यांच्या माना वाडीतल्याच भारतकडं वळल्या. त्याचे स्वतःचे दोन ट्रक होते, तेही इकडूनच जायचे.

"माझ्याकडं काहून पाहून राहिले?" भारत म्हणाला. "गाडीचा टॅक्स भरतो मी. डिझेलवर भरतो. अजून किती भरू?"

"टोल भर की मंग!" ट्रॅक्टरवाला परमेश्वर म्हणाला. "तिथं पैसे वाचवतो अन् इथं आमचं कंबरडं मोडतो."

"तुझ्या ट्रॅक्टरनं खड्डे पडत न्हाईत काय?"

"पडत असतील. पण माझं ट्रॅक्टर चोरून येत न्हाई."

सुभद्राबाई मागं बसली होती. "भांडा तुमी," ती म्हणाली. "ह्या रस्त्याचं माझं देणं लहानपणीच देऊन झालं. मला बस पायजे."

शेवटी ठरलं की मोठी गाडी जाणारच नाही अशी लोखंडी कमान वाडीच्या तोंडाशी उभी करायची. कोणी जुना आस दिला, कोणी गर्डर. उंची किती ठेवायची? परमेश्वरची सोयाबीनची भरलेली ट्रॉली खाली उभी करून वेल्डरनं वर वीतभर जागा सोडली. नारळ फुटला. ट्रक थांबले. महिनाभरानं जिल्हा परिषदेनंही माझ्यावर डांबराचा एक पातळ हात फिरवला. चौपदरीला मिळतं तसं नव्हे, पण मिळालं.

आणि बस परत आली. सुभद्राबाई इस्त्रीचं लुगडं नेसून टोपलीजवळ उभी होती. बस कमानीपाशी येऊन थांबली. कंडक्टर उतरला, वर पाहिलं, बसच्या टपाकडं पाहिलं.

"सरपंचबाई, आता हिचे टायर काढू का?"

बस इतके दिवस आलीच नव्हती, म्हणून तिची उंची कोणाच्या ध्यानातच राहिली नव्हती. भारत इतका हसला की त्याला ठसका लागला.

कमान तोडायची तर ट्रक येणार, ठेवायची तर बस हातची जाणार. दोन दिवस वाद झाला. मग वेल्डरनं वरचा बार बिजागरीवर फिरता केला, खाली साखळी आणि कुलूप. किल्ली सुभद्राबाईकडं दिली, कारण कमानीजवळचं घर तिचं आणि गरजही तिचीच. आता बसनं हॉर्न दिला की ती उघडते. बस वाडीत वळसा घेऊन बाहेर निघते, ती कुलूप लावते, बाजाराचा दिवस असला की मग बसमध्ये चढते. ड्रायव्हर तोवर थांबतो. चौपदरीवर अशी कोणासाठी बस थांबत नाही. हे मी मुद्दाम सांगतोय.

परवा भारतचा भरलेला ट्रक कमानीपाशी आला.

"काकू, उघडा. घरचाच आहे मी."

"व्हय, घरचा हायेस म्हणून तर न्हाई उघडत. बाहेरच्याला कसं अडवू मंग?"

"एकच खेप, काकू."

"एकदा तू गेला की तुझ्यामागं सगळे येतील. अन् बस पुन्हा बंद होईल. मी बाजाराला कशी जाऊ, सांग."

तो बराच वेळ इंजिन चालू ठेवून बसला. ती ओट्यावर मेथी निवडत राहिली. शेवटी त्यानं ट्रक मागं घेतला आणि नाक्याकडं गेला. टोल भरला. पैसे अर्थातच चौपदरीला मिळाले.

मला हेवा वाटला. वाटतोच. हा पातळ हात दोन पावसाळे काढील, पुढचं मला ठाऊक नाही. तुमच्यापैकी कोणी टोल ठरवणारा असेल तर त्याला एवढंच सांगा की चौपदरीच्या नाक्यामुळं ज्या रस्त्यांवर ट्रक वळतात, त्यांचाही त्या पैशात वाटा असावा. आणि तुमची गाडी जड असेल तर खुशाल त्याच्यावरूनच जा. माझ्याकडं येऊ नका. ती बाई उघडणार नाही.