करवतची दोन बोटं

"शांत, मनमिळाऊ स्वभावाचा एक दीपस्तंभ आज आपल्यातून निघून गेला," असं स्टोअरकीपर कागदावर बोट ठेवून म्हणाला, तेव्हा मी मान खाली घातली. त्याच्याआधी आमच्या पेन्शनर मंडळाचा सेक्रेटरी बोलला होता आणि सेक्रेटरीच्या आधी हजेरी कारकून. तिघांचा दीपस्तंभ एकच. पोकळीही एकच, कधीही भरून न निघणारी. तिघांनी डोळे पुसले तेही त्याच वाक्याला.

गेलेला माणूस आमच्या पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसचा हेड ऑपरेटर. त्याला सगळे करवत म्हणायचे, तेही तोंडावर. मनमिळाऊ म्हणे! साहेब तपासणीला आला की हा विचारायचा, "बूट पुसून आलात का? इथलं पाणी लोक पितात." त्याच्याशी दोन दिवस ज्याचं भांडण झालं नाही, तो रजेवर असायचा.

टेबलावर त्याचा मोठा फोटो उभा केला होता. घरात धड फोटो नव्हता, गेटपासावरचा चिमुकला चेहरा होता तेवढाच. सेक्रेटरीने तो फोनमध्ये घालून अर्ध्या अंगाचा माणूस करून आणला. अंगात कोट, चेहऱ्यावर हसू, हात एकावर एक ठेवलेले. करवतने जन्मात कोट घातला नव्हता. हसायचा, पण दुसऱ्याची फजिती झाली की.

ही सगळी करणी सेक्रेटरीची. गेल्या महिन्यात त्याने मंडळाच्या याच हॉलमध्ये फोनमधल्या एआयकडून लिहून कसं घ्यायचं याचा वर्ग घेतला. वर्ग कसला, एक वाक्य सगळ्यांच्या फोनवर पाठवलं, 'दिवंगत सहकाऱ्याबद्दल हृदयस्पर्शी भाषण लिही.' वर म्हणाला, "जपून ठेवा. आपल्या वयात हेच जास्त लागणार." सगळे खो-खो हसले आणि सगळ्यांनी ते जपून ठेवलं.

काल वहिनी, म्हणजे करवतची बायको, मला म्हणाली होती, "भावोजी, दोन शब्द तुम्ही बोला. बाकीचे काय बोलतील ते बोलू देत. मला एकदा ह्यांच्याबद्दल ऐकायचंय." मी हो म्हणालो. आणि सकाळी नातीपुढे फोन धरून तेच वाक्य टाकायला सांगितलं.

नातीने कपाळाला हात लावला. "आजोबा, असं नाही विचारायचं. माणूस कसा होता, काय बोलायचा, तुमच्याशी कसा वागला, ते सांगा. ऐकायला कोण बसणार आहे तेही सांगा. मोघम विचारलं की मोघमच येतं."

"मी काय साक्षीला उभा आहे?"

"नका सांगू. मग जे सांगणार नाही ते फोन आपल्या मनाने भरणार. आणि निदान आलेलं वाचून तरी बघा, खरं आहे का."

"तू छाप गं. शहाणी!"

तिने छापून दिलं. मी घडी घालून खिशात टाकलं. मला अक्षरओळख चाळिशीत झाली. वाचायला वेळ लागतो आणि कंटाळाही येतो.

आता सेक्रेटरीने माझं नाव पुकारलं. मी उठलो, कागद उघडला, चष्मा लावला. पहिलीच ओळ, 'शांत, मनमिळाऊ.' दीपस्तंभ खाली वाट बघत उभाच होता. इतका वेळ मला त्या तिघांची किळस येत होती. चौथा मीच निघालो.

पहिल्या रांगेत वहिनी बसली होती. तिचे डोळे कोरडे होते. तिघांची भाषणं होऊनही कोरडे.

मी कागद खिशात घातला.

"तो मनमिळाऊ नव्हता," मी म्हणालो. मागे कुणीतरी खोकलं.

"मी नवीन लागलो तेव्हा पंपांना तेल घालायचो. एकदा ओला सदरा विजेच्या पेटीवरच्या पाटीला अडकवला वाळायला. पाटीवर 'धोका' लिहिलेलं. मला काय माहीत? हा धावत आला, सदरा ओढून फेकला आणि म्हणाला, 'गाढवा, वाचता येत नाही?' म्हटलं, नाही येत. तर म्हणतो, 'मग मेलास की तुझ्या बायकोला सांगायला मी जाणार नाही. तुझा तू जा.'"

वहिनीच्या खुर्चीतून एक आवाज आला. ती हसत होती.

"त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत पंपाच्या पत्र्यावर खडूने शिकवायचा. पहिला शब्द धोका. चुकलं की माझ्या बापाचा उद्धार करायचा आणि आपल्याच बाहीने पुसायचा. उजव्या हाताची दोन बोटं पंपाच्या पट्ट्यात सापडून गेलेली, तीन बोटांत खडू धरायचा. त्याचं अक्षर वाकडं यायचं. ते बघून गिरवलं म्हणून माझंही वाकडं आहे. बँकेतली पोरगी दर वेळी नाक मुरडते. मला सरळ काढता येत नाही."

मी खाली बसलो. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला ठरवता आलं नाही, कारण ते कागदावर नव्हतं.

वहिनी उठली आणि टेबलाशी गेली. "असंच होतं मेलं ते," ती म्हणाली. मग फोटोकडे वाकून बघत राहिली. कोटाच्या बाहीतून आलेल्या उजव्या हाताला पाचही बोटं होती, गुळगुळीत, नखं कापलेली. तिने त्यातल्या दोन बोटांवर आपला तळवा ठेवला.

"वहिनी, काचेवर डाग पडतील," सेक्रेटरी म्हणाला.

"पडू देत."

लोक उठले. खुर्च्या आवरल्या जाऊ लागल्या, तरी तिचा हात तिथेच होता.