बिनकाचेची

मी चष्म्याची फ्रेम बोलतेय. काचा नाहीत मला. हसू नका. नाटकातल्या चष्म्याला काच असली की दिव्याची तिरीप पडते आणि नटाचे डोळे दिसत नाहीत. म्हणून काचा काढूनच मला विकलं.

घेणारा चरित्र नट. म्हणजे चेहरा सगळ्यांना ठाऊक, नाव कुणालाच नाही. नाटकात तो मुलीचा बाप, हेडक्लार्क, न्यायाधीश. सिनेमात बहुतेक डॉक्टर. मला नाकावरून उतरवलं, मान हलवली, की पेशंट गेला. असे किती गेले, देव जाणे. बावीस वर्षं मी त्या नाकावर काढली. नसलेल्या काचा तो रुमालाने अशा पुसायचा की लोक फसायचे.

गेल्या वर्षी मला संशय आला. बसायच्या आधी तो खुर्ची चाचपायला लागला. पावलं मोजून दाराकडे जायचा. म्हटलं, काहीतरी काळंबेरं आहे. त्यात नाटकात त्याचा मुलगा होणारा नट मधेच त्याचा कोपर धरायचा. ठरलेलं नसताना! हा मेला बापाच्या कामावर टपलाय, असं मी पक्कं धरलं.

घरी बायकोने त्याला पकडलंच. "काल शेजारीणबाईंना 'अगं, पाणी दे' म्हणालात. कधीपासून दिसत नाहीये?"

"मोतीबिंदू आहे गं. ऑपरेशनला गेलो तर काम दुसऱ्याला देतील. गेलेलं काम परत येत नाही."

"आणि स्टेजवरून पडलात म्हणजे येईल? मी डॉक्टरांना सांगून आलेय. उद्या निघायचं."

गेला, मला नाटकवाल्यांकडे ठेवून. इकडे मॅनेजरने मुलालाच बाप केला. मी त्याच्या नाकावर. काचा पुसायची लकब त्याने हुबेहूब उचलली, वर टाळीही घेतली. चोर!

महिन्याने म्हातारा मेकअपच्या खोलीत आला. त्या चोराने मला उतरवून त्याच्या हातात दिलं. "घ्या काका, तुमची वस्तू. तुम्ही पडाल म्हणून जीव टांगणीला असायचा माझा. या एकदाचे कामावर."

म्हणजे याच्यावर मी उगाच डूख धरला होता. पण मॅनेजर मोबाइलमधून मान वर काढीना.

"बघू ना काका. आधी नीट बरे व्हा."

आमच्या धंद्यात 'बघू'चा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही.

म्हाताऱ्याने मला नाकावर चढवलं आणि माझ्यातून त्याच्याकडे चांगलं निरखून पाहिलं. "नाही म्हणायचंय ना? मग म्हण की सरळ. आता मला तोंडं दिसतात."

मॅनेजरची मान आणखी खाली.

"ही फ्रेम माझी आहे. तुमचा बाप बिनचष्म्याचा करा," म्हणाला आणि मला घेऊन निघाला.

सध्या आम्ही काम शोधत दारोदार फिरतोय. जिना तो धडधडत चढतो, संवाद सगळे पाठ. तुमच्याकडे आलो तर हो म्हणा. नसेल जमत तर नाही म्हणा, तोंडावर. पण मोबाइलमध्ये डोकं घालून 'बघू' म्हणालात, तर गाठ माझ्याशी आहे.