भट्टीचं दार

आमचे हे काचेच्या कारखान्यात भट्टी सांभाळायचे, मी तिथंच बाटल्या पॅक करायचे. भट्टीचं दार उघडं दिसलं की हे भरल्या ताटावरून उठायचे. फटी लिंपायचे, वाया जाणाऱ्या धगीवर आत येणारी हवा तापवून घ्यायचे. बघताबघता आमच्या भागातल्या सगळ्याच कारखान्यांनी हे उचललं आणि तिथला गॅसचा खर्च कितीतरी खाली आला. यांचा सत्कार झाला, त्यात मिळालेलं घड्याळ आम्ही भिंतीवर लावलं.

डोंगरापलीकडे माझा दादा असल्याच कारखान्यात सुपरवायझर. तिकडं सगळा आनंदीआनंद. दारं सताड उघडी, सुट्टीतसुद्धा भट्ट्या धडधडत. हे मला चिडवायचे, "तुझ्या दादाकडं आभाळ तापवतात."

मग गॅस कमी पडला आणि वरून हुकूम आला: प्रत्येक भागानं गेल्या वर्षीच्या वापरातला पाचवा हिस्सा कमी करायचा. दादाकडं निम्मी दारं लावली तरी भागत होतं. आमच्याकडं लावायला दारच उरलं नव्हतं. हे तपासणीच्या साहेबांना म्हणाले, "पिळलेलं फडकं अजून किती पिळायचं?"

"नियम सगळ्यांना सारखा आहे," साहेब म्हणाले.

सारखा म्हणे! लठ्ठालाही तेवढाच उपास आणि हडकुळ्यालाही तेवढाच.

काचेची भट्टी काही चूल नव्हे, विझवली आणि पुन्हा पेटवली असं होत नाही. आतली काच थिजते आणि भट्टी कायमची जाते. तशीच आमची गेली. कपात जमली नाही म्हणून गॅस तोडला, तेव्हा हे तिच्याजवळ उभे होते. आत विटा तडकल्याचे आवाज येत होते. मी हाताला धरून यांना घरी आणलं. दोघांचीही नोकरी गेली होती, घरात दोन पोरं. मला त्या घड्याळाचा इतका संताप आला की काढून पेटीत कोंबलं.

शेवटी दादानंच यांना आपल्याकडं लावून घेतलं. पहिल्या दिवशी मी डबा घेऊन गेले. हे जेवायला बसले, तर समोर भट्टीचं दार उघडं आणि आसपास कोणी नाही. हे उठले, दार लावून आले.

दादा धावतच आला. "अहो भावोजी, राहू द्या ते उघडं! गॅस शिल्लक राहिला तर पुढच्या वर्षी तेवढा कापतात."

यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. मग हे पुन्हा उठले आणि आपल्या हातानं दार उघडून आले.