सुजलेला गुडघा

फायनलला तास उरला असताना प्राचार्यांनी स्ट्रायकरचा सुजलेला गुडघा भाजी दाबून बघावी तसा दाबला. कॉलेजच्या फुटबॉल प्रशिक्षकाला किळस आली.

“इंजेक्शन द्या आणि उतरवा त्याला,” प्राचार्य म्हणाले. “नाहीतर उद्यापासून तुम्ही येऊ नका.”

सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जखमी खेळाडूच्या वेळी प्रशिक्षकाने हेच मुकाट्याने ऐकलं होतं. तो खेळाडू आज कठडा धरून जिना चढतो. प्रशिक्षकाला स्वतःचीही शिसारी आली. त्याने अकरा जणांच्या यादीतून स्ट्रायकरचं नाव खोडलं आणि यादी पंचांच्या हातात दिली. एकोणीस वर्षांची नोकरी तिथेच संपली.

स्ट्रायकर भडकला. “सर, वाट लावलीत तुम्ही माझी!”

“घाल शिव्या,” प्रशिक्षक म्हणाला, “पण आधी खाली बस. पाय वर ठेव.”