दोनदा वाचलेला हात

मित्रांनो, मी एक जुना विळा आहे. माझे पाते झिजून निम्मे उरले आहे, मुठीला भेगा पडल्या आहेत. तरी माझी गोष्ट रडगाण्याची नाही. मी ती अभिमानाने सांगतो.

सुप्याच्या मारुती लोहाराने मला घडवले. कुळगीच्या रानातल्या एका कुणबी घरी मी आलो, तो कान्हूच्या नव्या नवरीसाठी. तिचे नाव सुंदरी. भातकापणीत ती नेहमी सगळ्यांच्या पुढे असे. तिची सासू अनुसया कौतुकाने म्हणे, "आमच्या सुंदरीचा विळा चालतो का पळतो, तेच कळत न्हाई!"

एका कापणीला मात्र तिची पकड मला सैल लागली. उजव्या मनगटापाशी सुपारीएवढी गाठ आली होती. लेप झाले, नवस झाले. होळीपर्यंत गाठ लिंबाएवढी झाली आणि हातात तांब्याही धरवेना. मला छपराच्या गवतात खोचून ठेवले. तिथे मी गंजत पडलो.

फिरतीवर आलेल्या एका डॉक्टरने हात पाहून सांगितले, "कोपरापासून कापावा लागेल."

घरी येऊन सुंदरीने डाव्या हाताने कान्हूपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाली, "अवो, कापायचाच असंल तर मागनं कापू. आदी दुसऱ्या कुणाला तरी दाखवू या."

कान्हूने गाडी जुंपली. वाटेत बैलांना गवत कापायला त्याने मला बरोबर घेतले. रानातून लोंढ्याचे स्टेशन आणि तिथून आगगाडीने एक मोठे शहर असा आमचा प्रवास झाला. तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हाडाचा फोटो काढला आणि तो उजेडात धरून दाखवला. हाडाचे टोक आतून पोखरले होते.

"बाई, अशी गाठ क्वचितच कुणाला होते," ते म्हणाले. "ही सहसा जिवावर उठत नाही, पण हाड खाते. मी ती खरवडून काढतो. हात वाचवायचा प्रयत्न करू."

"परत उगवली तर?"

"उगवू शकते. म्हणून दुखो न दुखो, मी बोलावीन तेव्हा यायचं. कबूल?"

"व्हय," सुंदरी म्हणाली.

शस्त्रक्रियेच्या वेळी मी ओसरीवर गाठोड्यात होतो; आतले काही पाहिले नाही. कान्हूच्या तोंडून ऐकले, की तिला औषध हुंगवून झोपवले, गाठ खरवडली आणि तिच्याच नडगीच्या हाडाचे तुकडे त्या पोकळीत भरले.

हात बरा झाला. दोनदा ती दाखवून आली. तिसऱ्या खेपेचा दिवस आला तेव्हा शेतात भात पिकले होते. कान्हू कुरकुरला, "दुखत न्हाई, सूज न्हाई. आता कशाला जायाचं?"

"मी कबूल केलंय."

अनुसया सुनेच्या बाजूने उभी राहिली. "भाताचं मी बघते. तू जा गो."

आणि नव्या फोटोत, जुन्या जागेशेजारी, वाटाण्याएवढा काळा डाग निघाला! सुंदरीच्या डोळ्यांत पाणी आले. डॉक्टर म्हणाले, "रडू नका. वेळेवर आलात म्हणून हा हात अजून माझ्या हातात आहे." या वेळी त्यांनी हाडाचे ते टोकच काढले आणि पोटरीतल्या बारीक हाडाचा तुकडा तिथे बसवला.

हाड जुळायला फार महिने लागले. पकड परत आली, पण मनगट वळेना. मला सरळ धरून भात कापणे तिला जमेना. तेव्हा ती मला मारुतीकडे घेऊन गेली. आपला ताठ हात पुढे करून म्हणाली, "दादा, हात वाकत न्हाई. विळा वाकवा."

मारुतीने मला भट्टीत लाल केले आणि ऐरणीवर माझी मान तिच्या मनगटाच्या मापाने वळवली. ते घाव मी आनंदाने सोसले.

त्या कापणीला पहिल्या दिवशी ती मागे पडली. दुसऱ्या दिवशी बरोबरीला आली. तिसऱ्या दिवशी कोपरातून हात फिरवत ती अशी सुटली, की सगळ्यांच्या आधी बांधावर जाऊन उभी राहिली. शेतभर आरोळी उठली. कान्हू नुसता हसत होता. अनुसयेने तो व्रणांचा हात आपल्या गालाला लावला.

त्यानंतरही ती दर वर्षी दवाखान्यात गेली. शेवटी एकदा फोटो बराच वेळ न्याहाळून डॉक्टर म्हणाले, "हाड साफ आहे. आता दर वर्षी नाही आलात तरी चालेल." सुंदरीने तिथेच गाठोड्यातून मला काढले आणि घट्ट पकडून दाखवले. डॉक्टरांनी चक्क टाळ्या वाजवल्या!

मित्रांनो, अंगावर गाठ आली तर लपवू नका. आणि बरे वाटले म्हणून दवाखान्याची वाट सोडू नका. दुखणे गप्प असते तेव्हाही त्याच्यावर नजर हवी.

बरे, आता पुरे. खालच्या शेतातले भात पिवळे झाले आहे आणि सुंदरी मला पाजवायला दगड घेऊन बसली आहे. आज आम्हा दोघांना खूप काम आहे.