बिनबोल्टाची बर्थ

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी तू मला ऑफिसात फोन केलास. रेवाला घेऊन बाहेर जा आणि अंधार पडेपर्यंत घरी येऊ नका, म्हणालास. घरात वेल्डिंग चालू आहे.

घरात.

वेल्डिंग.

कशाचं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सरप्राइज म्हणाला असतास, आणि इंद्रजीत, तुझी सरप्राइजेस मला माहीत आहेत. मागचं असं होतं की तू बदलीचा अर्ज केलाच नव्हतास.

*

हे एकदा सांगून टाकते, म्हणजे पुन्हा मध्ये यायला नको.

मला प्रमोशन मिळालं आणि त्याबरोबर भुसावळ मिळालं. जानेवारी लागला की हजर व्हायचं. रेवा माझ्याबरोबर येणार, माझी आई तिथंच असल्यामुळे पोरीकडे बघायला माणूस आहे, आणि तू मागून बदली मागणार. दिवाळीत हे सगळं तुझ्या वडिलांसमोर ठरलं. तू तोंडात चकली असताना मान हलवलीस. मी ती हलवलेली मान खरी धरली आणि रेवाचं नाव तिथल्या शाळेत घातलं.

त्यानंतर मी अर्जाचं विचारलं की तू "करतो" म्हणायचास. मग "बघतो". मग नुसतं "हं".

तुमच्या घराची झाशीतली ही तिसरी पिढी, तिन्ही रेल्वेत. तुझे आजोबा इथं गाडीतून उतरले आणि तुम्ही सगळे अजून प्लॅटफॉर्मवरच उभे आहात.

हे मी तुला तोंडावर बोलले होते. म्हणून कदाचित तू लोखंड आणलंस.

*

लक्ष्मी तालाच्या काठावर वारा बोचत होता. महालक्ष्मीचं दर्शन झालं, शेंगा झाल्या, पाण्यात खडे मारून झाले. रेवा आठ वर्षांची आहे, मूर्ख नाही. घरी का जात नाही, हे तिनं विचारलं नाही, यावरूनच तिला कळलंय हे मला कळलं.

नाताळ आपल्या घरात तिच्या शाळेतून आला. पहिल्या वर्षी रंगपेटी, मग बॅडमिंटन, मग सायकल, आणि दर वर्षी तू मागच्या वर्षीच्या तुझ्यावर मात करायला निघतोस.

"मम्मी, सँटा मराठी जानता है क्या?"

"थोडं थोडं. तुझ्याएवढं."

"मला सगळं समजतं. बोलताना बस हिंदी निकल जाती है."

"त्याचंही तसंच असेल."

मग सिव्हिल लाइन्समध्ये चर्चची रोषणाई बघितली. धुक्यात तिथला कागदी तारा नुसता पिवळा डाग दिसत होता. स्कूटरवर मागे बसून तिनं माझ्या पाठीला गाल टेकवला आणि म्हणाली, मोठं असेल तर भुसावळला नेता येईल ना?

मी म्हटलं, येईल. का नाही येणार.

*

रेवाला तुझ्या वडिलांच्या, भाऊसाहेबांच्या खोलीत टीव्हीसमोर बसवून तू मला एकटीला आतल्या खोलीत नेलंस. दाराला कुलूप, किल्ली तुझ्या खिशात, हात कोपरापर्यंत काळे. दिवा लावलास आणि बाजूला झालास.

गाडीची बर्थ.

खरीखुरी. वरची. चार लोखंडी पायांवर माझ्या खांद्याइतकी उंच, निळं रेक्झिन, दोन्ही बाजूंनी साखळ्या, पाण्याच्या बाटलीची जाळी, डोक्याशी छोटा दिवा, चढायला शिडी. खाली टेबल, खुर्ची, पुस्तकांचा कप्पा. छताचा पंखा तू काढून टाकला होतास आणि भिंतीवर काळ्या पिंजऱ्यातला, रेल्वेच्या डब्यातला पंखा बसवला होतास. रेवा गाडीत चढते तेव्हा खिडकीकडे बघत नाही, वर बघते. तुझ्या ते लक्षात होतं.

सुंदर होती. सांगून ठेवते, सुंदर होती. म्हणूनच मला तुझ्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मी वाकले. पाय आणि आडव्या पट्ट्या जिथं भेटतात तिथं हात फिरवला. वेल्डचे गरम फुगवटे. शिडीही जोडूनच टाकलेली. वर, खाली, मागच्या बाजूला, सगळीकडे बघितलं. तू वर्कशॉपमधला माणूस. जे हलवायचं असतं त्याला बोल्ट असतात, हे तूच मला लग्नानंतर घरातलं कपाट जोडताना शिकवलंस.

"बोल्ट कुठं आहेत?"

"वेल्ड केलं. बिजौलीच्या कारखान्यांतून पोरं आणली होती. मजबूत राहतं."

"दारातून कशी निघणार?"

दारापेक्षा बर्थ हातभर रुंद होती. तू दाराकडे बघितलंस, जसं काही ते आत्ताच अरुंद झालं.

"काढायची कशाला?" म्हणालास.

आणि सोनेरी कागदाची गुंडाळी माझ्यापुढे धरलीस. एक टोक धर. सकाळी ती उठायच्या आत गुंडाळलं पाहिजे.

*

टोक धरलं नाही, तर: मी पोरीच्या नाताळाचा विचका करणारी आई.

टोक धरलं, तर: मी माझ्याच पोरीला इथं डांबायला मदत करणारी आई.

हा हिशोब तू बिजौलीतच करून आला होतास. लोखंडाबरोबर.

धरलं.

*

कागद

फाटला. पायाच्या कोपऱ्यावर.

अजून कागद

तू म्हणालास, ताणू नकोस. मी म्हटलं, तू ढकलू नकोस. तू म्हणालास, ऑफिसात फायली बांधता ना तुम्ही, एवढं जमत नाही? मी म्हटलं, फायलीला वेल्डिंग नसतं. साखळीनं पुन्हा फाटला. चिकटपट्टी तुझ्या केसांत अडकली, मी ती ओढली, गरजेपेक्षा जोरात.

चादर

पुरली नाही. दोन जोडल्या तर बर्थ पलंगपोस घातलेल्या म्हशीसारखी दिसायला लागली. हे मी म्हटलं. तू हसलास, आणि हसलास याचा मला राग आला, कारण क्षणभर मीही हसले होते.

तेवढ्यात भाऊसाहेब दारात. माकडटोपी, हातात चष्मा. तुझे वडील रिटायर्ड गार्ड, आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाडीचं शेवटचं टोक सांभाळलेला माणूस. आत पाऊल न टाकता त्यांनी सगळं बघितलं. जमिनीवरचा सोनेरी कचरा, मग बर्थ, मग वेल्ड. वेल्डवर त्यांची नजर जरा जास्त थांबली.

"हत्तीला सोवळं नेसवताय का?" म्हणाले.

मग तुझ्याकडे वळून विचारलं, क्वार्टर रिकामं करताना ही भिंतीतून काढणार की छतातून. तू म्हणालास, तेव्हाचं तेव्हा. ते गेले आणि ट्रंकेतून पांढरं कापड घेऊन आले, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक, कडा पिवळ्या पडलेल्या. घरातला अंतरपाट.

मी म्हटलं, याच्यावर? पलंगावर?

"गुंडाळू नका. धरा. माझं, याचं, याच्या आत्याचं, सगळ्यांचं याच्याआड झालं. एक बर्थ झाकली म्हणून काही विटाळत नाही. पोरगी समोर उभी राहील, तुम्ही दोघं दोन टोकं धरा, मी सावधान म्हटलं की सोडा."

चांगली कल्पना होती. तुझ्यामाझ्यापैकी कुणाचीही नव्हती, म्हणून आपण ती मान्य केली.

मी एकच अट घातली. उद्या सकाळी भुसावळचं नाव नाही, झाशीचंही नाही, राहायचं-जायचं काही नाही. फक्त बर्थ. बाकीचं मी तिच्याशी नंतर बोलीन, माझ्या पद्धतीनं. तू भाऊसाहेबांसमोर हो म्हणालास. या वेळी तोंडात चकलीसुद्धा नव्हती.

*

सकाळ. आपण दोघं दोन स्टुलांवर, हात वर, मध्ये अंतरपाट.

लग्नात आपण त्याच्या दोन बाजूंना होतो. आता एकाच बाजूला, आणि रेवा पलीकडे. तिचे फक्त पाय दिसत होते, लाल मोजे, एकमेकांवर चढलेले.

भाऊसाहेबांनी तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि गंभीर आवाज काढला. ती खिदळली. "आजोबा, मेरी शादी है क्या?" त्यांनी सांगितलं की नवरा लोखंडाचा आहे, वजनदार आहे, घरजावई आहे. मलाही ओठ दाबावे लागले. माझे खांदे भरून आले होते आणि तरी मला वाटलं, जमेल. एवढं एक जमेल आपल्याला.

"शुभमंगल साव—"

आणि तू मध्येच बोललास.

"रेवा, हे तुझं घर आहे. आतमध्ये जे आहे ते इथून कुठंही जाणार नाही. जायचं की राहायचं, ते आता तू ठरव."

तू टोक सोडलंस.

मी नाही सोडलं.

कापड तुझ्या बाजूनं खाली आलं आणि माझ्या मुठीतून लोंबत राहिलं. अर्धी बर्थ उघडी, शिडी, साखळी, बाटलीची जाळी. अर्धी झाकलेली. तू दातांतल्या दातांत म्हणालास, सोड. मी म्हटलं, तू शब्द दिला होतास. तू म्हणालास, माधवी, पोरगी बघतेय. मी म्हटलं, बघू दे, तिलाच ठरवायचंय ना, मग सगळंच बघू दे.

भाऊसाहेबांनी उरलेल्या अक्षता खिशात टाकल्या.

रेवा आपली वाट बघत थांबली नाही. लोंबत्या कापडाखालून वाकून आत आली, तोंड उघडं, डोळे मोठे, आणि शिडीवरून वर. माझ्या डोळ्यांसमोरून. मी स्टुलावर एक पांढरं फडकं धरून उभी, जत्रेतल्या पडदेवाल्यासारखी, आणि वरून तिच्या ओरडण्यानं भिंती वाजत होत्या.

*

ती म्हणाली, मम्मी, ऊपर आओ.

गेले. वर दोघींना बसता येत होतं, मान वाकवून. तिनं मला दिवा लावून दाखवला, बंद करून दाखवला, पंखा लावला, थंडीत. मग गुडघे पोटाशी घेतले आणि तिच्या मनात आधीच जुळलेलं वाक्य बाहेर काढलं.

"मी इथंच राहू? तू शनिवार को आ जाना. पप्पा आणि आजोबा आहेत ना."

तिनं मला सोडलं नव्हतं. तिला वाटलं होतं, ती सगळ्यांची सोय लावते आहे. शनिवार म्हणजे काय, भुसावळ म्हणजे किती, हे तिला कुठं ठाऊक. तिला फक्त वरची बर्थ ठाऊक होती.

मला "नाही" म्हणता आलं असतं. आई आहे, मोठी आहे, शाळेत नाव घातलंय. मी तिला खाली ओढू शकत होते, आणि मग भुसावळमध्ये दर रात्री ती मला या बर्थवरून खाली ओढलेल्या पोरीच्या डोळ्यांनी बघणार होती. हे तू ओळखलं होतंस.

एवढंच ओळखलं होतंस.

मी तिच्या गालाला हात लावला आणि म्हटलं, राहा.

*

तू स्वयंपाकघरात चहा करत होतास. आलं किसून. वर्षभरात न केलेला चहा. जिंकलेल्या माणसाच्या हातात एवढी माया येते हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, रेवा राहतेय.

तुझा चेहरा आधी उजळला, मग तू तो सावरलास. मऊ आवाजात म्हणालास, मी सांगत होतो तुला. मग बदली रद्द करण्याचं आजच बघू या का, साहेबांच्या ओळखीचा एक जण आहे, प्रमोशन काय, पुढच्या वर्षी पुन्हा येईल.

"रेवा राहतेय," मी म्हटलं. "मी जातेय."

तू किसणी खाली ठेवलीस.

"तिला सोडून?"

"तू ठेवून घेतलीस ना. मग ठेव."

"माधवी, असं कसं... मी ड्यूटीला, भाऊसाहेबांचं वय, तिचा डबा, तिची शाळा, ती रात्री उठते—"

"बरोबर. उठते."

"मला वाटलं—"

"तुला वाटलं, ती राहिली की मीही राहीन. तुला ती नको होती, इंद्रजीत. तुला माझं तिकीट रद्द करायचं होतं, आणि त्यासाठी तू पोरीला बर्थ दिलीस."

चहा उतू गेला. गॅस कुणीच बंद केला नाही. बाहेरच्या खोलीतून भाऊसाहेबांनी ऐकू येईल अशा बेतानं सांगितलं की पोरग्या, आता कुकर लावायला शीक, मला दात नाहीत, भात मऊ लागतो.

मग तू ओरडलास. आई आहेस का कोण आहेस, म्हणालास. मी गॅस बंद केला आणि तुझ्याकडे पाठ करून ओटा पुसायला लागले.

*

तासाभरानं रेवानं वरून हाक मारली. केसांत गुंता झाला होता, कॉलनीतली पोरं बर्थ बघायला येणार होती, तिला दोन वेण्या हव्या होत्या.

"मम्मी!"

मी कंगवा घेतला आणि तुझ्या हातात दिला.

तू कंगव्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस. मग शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभा राहिलास. ती पाठमोरी बसली. तू भांग पाडलास, तो कानाकडे गेला. पुन्हा पाडलास. एका बाजूला केस जास्त आले, दुसरीकडे उरलेच नाहीत.

"पप्पा, खिंचो मत ना. मम्मी कशी करते? वरून नाही, खालून गुंता सोडवायचा."

तू माझ्याकडे बघितलंस. सांग, असं नाही म्हणालास. म्हणाला असतास तर मी सांगितलं असतं की नाही, मला माहीत नाही.

मी खालच्या खुर्चीवर बसले होते, तिच्या टेबलाशी. डोक्यावर तुम्हा दोघांचं वजन करकरत होतं. वेल्ड पक्का होता, तेवढं तू खरं सांगितलं होतंस. मी भुसावळच्या शाळेला फोन लावला. सुट्टी असूनही कुणीतरी उचलला. मी म्हटलं, रेवा नावाच्या मुलीची जागा धरून ठेवली होती, ती दुसऱ्या कुणाला द्या.

वर कंगवा थांबला.

"चालू ठेव," मी म्हटलं. "पोरं येतील."